नावाला जुळणारा इंग्रजी शब्द कसा शोधावा: उखाण्यापासून वाढदिवसाच्या कार्डापर्यंत

गणपतीत चाकरमानी गावी आले, आरत्या-फुगड्या आटोपल्या की घरातल्या नव्या सुनेला उखाण्याचा आग्रह होतोच. हल्ली त्यात एक अट वाढली आहे. "वहिनी, इंग्लिश शब्द घालून घ्या ना!" ही फर्माईश बहुतेक वेळा मुंबई-ठाण्याहून आलेल्या, इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या भाचरांची असते. उखाणा सोडला तरी प्रसंग कमी नाहीत. पुतणीच्या वाढदिवसाचं कार्ड असतं, वाडीच्या क्रिकेट टीमच्या टी-शर्टवर छापायची ओळ असते, होमस्टेला चार दिवस राहून परत निघालेल्या पाहुण्यांच्या मुलीला वहीत लिहून द्यायचे दोन शब्द असतात. सगळीकडे गरज एकच: दिलेल्या नावाला यमक जुळेल असा इंग्रजी शब्द.

बहुतेक जण नावाचं स्पेलिंग मोबाइलवर टाकून मोकळे होतात आणि काहीच हाती लागत नाही म्हणून नाद सोडतात. स्पेलिंग बाजूला ठेवा. यमक कानाला कळतं, आणि तो कान नेमका कोणाचा आहे यावर निम्मं काम ठरतं.

आधी ठरवा, ऐकणार कोण

विजय हे नाव घ्या. आपण शेवटी 'अय' म्हणतो. लंडनमध्ये वाढलेला, मराठी न येणारा माणूस हेच नाव इंग्रजी अक्षरांत वाचतो आणि शेवटी 'एइ' असं काहीतरी म्हणतो. त्याच्या कानाला विजयशी डे, प्ले, बे हे शब्द झकास जुळतात. गुहागरच्या अंगणात बसलेल्या काकूंना मात्र विजय आणि डे यांत काही साम्य आहे हे पटवून द्यावं लागेल, आणि पटवून द्यावं लागलं की यमक फसलंच.

राम हे दुसरं नाव. इंग्रजीत त्याला अचूक जुळतात ते बाम, पाम आणि काम. पहिला डोकेदुखीवरचा, दुसरं ताडा-माडाच्या जातीचं झाड, तिसरा शब्द म्हणजे शांत. तिन्हींच्या स्पेलिंगमध्ये एक मुका 'एल' बसलेला आहे, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. आता फार्म आणि चार्म चालतील का? इंग्लंडमधल्या बऱ्याच लोकांच्या बोलण्यात व्यंजनाआधीचा 'र' ऐकू येत नाही, ते जवळजवळ 'फाम', 'चाम' म्हणतात. त्यांना राम आणि फार्म बिनचूक जुळलेले वाटतील. आपण 'र' ठसक्यात म्हणतो, अमेरिकी माणूसही म्हणतो, म्हणून आपल्याकडे ते अर्धवट यमक ठरतं.

तेव्हा कागदावर पहिली नोंद ही करा: हे गावात मोठ्याने म्हणायचं आहे, की परदेशातल्या भाच्याला कार्डावर लिहून पाठवायचं आहे? यापुढे मी गावातला कान धरून चालले आहे. जिथे दोन्हींत फरक पडतो तिथे सांगेन.

नावाचं शेपूट कापा

नाव मोठ्याने म्हणा आणि शेवटून मागे येत पहिला ठळक स्वर पकडा. त्या स्वरापासून शेवटापर्यंतचा तुकडा म्हणजे शेपूट. हे काम देवनागरीत करा, कारण आपल्याकडे लिहिलेलं आणि बोललेलं बरंचसं एकच असतं. ओंकारचं शेपूट 'आर', राहुलचं 'उल', गणेशचं 'एश', सचिनचं 'इन'. शेवटच्या अक्षरातला 'अ' आपण म्हणत नाही, तो सोडून द्या. जोडाक्षर शेवटी असेल तर मात्र तो थोडा शिल्लक राहतो. अथर्व म्हणून पाहा. तिथे सर्व्ह, कर्व्ह, नर्व्ह हे शब्द जवळ येतात, पण 'व'नंतरचा तो बारीक 'अ' इंग्रजीत नाही. उखाण्यात कोणी अडवणार नाही.

शुद्ध यमकाचा नियम साधा आहे. ठळक स्वर आणि त्यानंतरचं सगळं सारखं हवं, स्वराआधीचं व्यंजन वेगळं हवं. तेही सारखं असलं तर ते यमक न वाटता तोच आवाज पुन्हा आल्यासारखा वाटतो.

ऱ्हस्व-दीर्घाचं एक गंमतीदार स्वातंत्र्य आपल्याला आहे. अनिल लिहितो ऱ्हस्व, पण बोलताना बरेच जण 'अनील'च म्हणतात. त्यामुळे अनिलला हिल आणि बिलही चालतात, मील आणि डीलही चालतात. इंग्रजी कानाला हे दोन वेगळे गट आहेत, कारण 'हिल' म्हणजे टेकडी आणि 'हील' म्हणजे टाच. राहुलचंही तसंच: लिहिताना ऱ्हस्व, पण कूल, पूल, स्कूल यांच्याशी त्याचं जुळतं हे शाळकरी पोरांना कोणी शिकवावं लागत नाही.

जोराचा, म्हणजे आघाताचा प्रश्न इथेच येतो. मराठीत आपण शब्दाच्या एका तुकड्यावर फार जोर देत नाही, इंग्रजीत देतात. सचिन आणि डॉल्फिन आपल्या कानाला छान जुळतात, आणि हर्णै-मुरुडला किंवा तारकर्लीला डॉल्फिन बघायला बोटी जात असल्यामुळे शब्द हाताशीही आहे. पण इंग्रज डॉल्फिनमधल्या 'डॉल'वर जोर देतो आणि 'फिन' गिळतो, त्याच्या हिशेबी हे यमकच नाही. त्याच्यासाठी विन, स्पिन, ट्विन, बिगिन घ्या. बिगिनमध्ये जोर शेवटी आहे म्हणून तो चालतो.

बाराखडी चालवा

शेपूट हातात आलं की त्याच्यापुढे क, ख, ग करत एकेक व्यंजन लावत जा आणि इंग्रजीत असा शब्द आहे का ते बघा. अनिलसाठी किल, गिल, चिल, टिल, डिल, पिल, फिल, बिल, मिल, विल, हिल. मग जोडाक्षरं: ग्रिल, ड्रिल, थ्रिल, स्किल, स्टिल, स्पिल. पाच मिनिटांत पंधरा-वीस शब्द जमतात आणि मोबाइलला हात लावावा लागत नाही. यातला गिल म्हणजे माशाचा कल्ला. मासळी बाजारात जो कल्ला उचलून लाल आहे का बघतात, तोच. उखाण्यात असा शब्द सापडला की सोडू नये, कारण ऐकणाऱ्यांना तो जागच्या जागी कळतो.

जोडाक्षरं विसरू नका, खरा माल तिथेच असतो. गणेश, मंगेश, महेश, योगेश या मोठ्या गोतावळ्याला नुसत्या व्यंजनांतून एक मेश सोडला तर फारसं काही मिळत नाही. फ्रेश, रिफ्रेश, फ्लेश हे सगळे जोडाक्षरातून आले. पाळणाघराला इंग्रजीत क्रेश म्हणतात, तोही याच घरातला.

नितीनसाठी याच पद्धतीने क्वीन, ग्रीन, स्क्रीन निघतात. पण लांब शब्दही आठवून बघा: मशीन, रूटीन, मॅगझीन आणि सार्डीन. सार्डीन म्हणजे आपली तारली.

तव्यावर तळली तारली, इंग्रजीत ती सार्डीन,
पहिला तुकडा मागायला आधी हजर नितीन.

ओंकार, तुषार, कुमार यांना तर कार, स्टार, बार, गिटार, रडार अशी रांगच लागते. ज्यांच्या घरात असं नाव आहे त्यांनी पुढचं सगळं वाचलं नाही तरी चालेल.

भरतीच्या पाण्यात रुतली पाहुण्यांची कार,
ट्रॅक्टर घेऊन धावून गेले आमचे ओंकार.

शब्दकोशाला नाव विचारू नका, ओळखीचा शब्द विचारा

यमकांचे कोश इंग्रजीत जुने आहेत. जॉन वॉकर यांनी १७७५ मध्ये शब्द शेवटच्या अक्षरांवरून लावलेला कोश काढला होता. आज राइमझोनसारख्या साइटवर एक शब्द टाकला की त्याला जुळणाऱ्या शब्दांची यादी मिळते, तीही शब्दात उच्चाराचे किती तुकडे (सिलॅबल) आहेत त्यानुसार लावलेली. अशा साधनांच्या मुळाशी उच्चारांचा कोश लागतो. असा सगळ्यांना खुला असलेला मोठा कोश अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा आहे. त्यात १ लाख ३० हजारांहून जास्त शब्दांचे उच्चार ३९ ध्वनींच्या खुणांत लिहिलेले आहेत आणि प्रत्येक स्वरापुढे जोर किती ते ०, १, २ या आकड्यांनी दाखवलेलं आहे.

आता तिथे विकास टाकलात तर निराशाच होईल. यंत्राला ते नाव माहीत नसेल, किंवा स्पेलिंगवरून ते भलताच उच्चार धरेल. म्हणून नावाशी जुळणारा एकच पक्का इंग्रजी शब्द आपण बाराखडीतून काढायचा आणि तो शब्द यंत्राला द्यायचा. विकाससाठी क्लास द्या. पास, ग्लास, ग्रास, ब्रास बाहेर येतील. सोबत गॅस आणि मॅसही येतील, कारण तो कोश उत्तर अमेरिकेतल्या उच्चारांचा आहे आणि तिथे क्लासला 'क्लॅस' म्हणतात. आपल्या कानाने यादी पुन्हा वाचून ते दोन काढून टाका. यादी यंत्राने द्यायची, निवड आपण करायची. हे काम उलटं केलं की उखाण्यात 'विकास' आणि 'गॅस' येतात आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

गणिताच्या धास्तीने लावला होता क्लास,
मागच्या बाकावर तेव्हाच भेटले विकास.

यादी वाचताना स्पेलिंगने फसू नका. पार्थला काय जुळतं? अर्थ, म्हणजे पृथ्वी, आणि हार्थ, म्हणजे चूल, या दोन शब्दांची स्पेलिंगं एका अक्षराने वेगळी आहेत. पण पार्थशी जुळतो तो फक्त हार्थ. नुसत्या स्पेलिंगवर गेलात तर टफ, दो, थ्रू आणि कॉफ एका रांगेत बसवाल, कारण चौघांची शेवटची चार अक्षरं तीच आहेत.

त आणि ट

कोकणातल्याच काय, कुठल्याही मराठी घरातल्या अर्ध्या मुलग्यांची नावं इथे अडतात: अमित, रोहित, अजित, प्रशांत, निशांत, श्रीकांत. इंग्रजीत आपल्यासारखा दाताला जीभ टेकवून म्हणायचा 'त' नाही. त्यांचा आवाज दाताच्या थोडा मागे, हिरडीवर होतो आणि आपण तो 'ट' म्हणून ऐकतो. म्हणून रोहितला हिट, फिट, किट कागदावर शोभतात. म्हणताना 'त' आणि 'ट' यांची टक्कर होते. प्रशांत आणि प्लांट तसंच. 'द'ला 'ड' लावण्यातही हीच अडचण: विनोदसमोर रोड, कोड, मोड उभे राहतात आणि जुळत नाहीत.

यावर माझं मत: कार्डावर बिनधास्त लिहा, इंग्रजी वाचणाऱ्याला रोहित–फिटमध्ये त आणि ट यांचा फरक जाणवणार नाही. उखाण्यात वापरायचंच असेल तर स्वर लांबवून, हसत म्हणा आणि पुढे व्हा. गंभीर चेहऱ्याने म्हटलं तर चूक दिसते.

'थ' शेवटी असलेली नावं मात्र नशीबवान. इंग्रजीत जिभेचं टोक दातांत धरून काढायचा घासता आवाज आहे, आपण तो सरळ 'थ' म्हणतो आणि काम भागतं. समर्थ घ्या: अर्थ, वर्थ, बर्थ. शेवटचा तर दुहेरी कामाचा, कारण जन्म आणि गाडीतलं झोपायचं बाक यांचा इंग्रजी उच्चार एकच. वाढदिवसाला 'स्मॉल इन साइज बट बिग इन वर्थ, हॅपी बर्थडे, डिअर समर्थ' चालेल. आणि गणपतीच्या गर्दीत कोकणकन्येचं आरक्षण मिळवलेल्या बाईला उखाणा शोधावाच लागत नाही:

गणपतीच्या गर्दीत मिळाला कन्फर्म बर्थ,
खिडकीपाशी बॅग घेऊन उभेच होते समर्थ.

आकारान्त आणि ईकारान्त नावं

मुलींची बरीच नावं 'आ'वर संपतात. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी असा भरघोस 'आ' क्वचितच येतो. येतो तो आखूड, पुसट. तरी आपल्या कानाला तो चालतो. फक्त शेपूट एक अक्षर मागून कापावं लागतं, नुसता 'आ' जुळून भागत नाही. मीना, रीना, टीना यांना अरीना, मरीना, बॅलेरीना आणि हायीना, म्हणजे तरस (उच्चार 'हायना' नव्हे). तारा आणि सारा यांना टियारा आणि मस्कारा, म्हणजे मुकुट आणि पापण्यांचं काजळ. नवरीच्या मेकअपच्या दिवशी याहून सोयीचं काय हवं. मायाला पपाया. सीमाला स्कीमा. प्रिया आणि रिया यांना आयडिया. मोनिकाला हार्मोनिका तर इतका बेमालूम जुळतो की आधीचा 'हार' काढला की जवळजवळ नावच उरतं. म्हणूनच नियमाप्रमाणे तो शुद्ध यमक नाही, कारण 'म'ही तोच आहे. मुलांच्या कार्डावर मी तो खुशाल वापरेन.

नीताला चीता सुचतो, पण इंग्रजीत तो 'चीटा' आहे. पुन्हा तोच त आणि ट.

ईकारान्तात सायली सगळ्यांत भाग्याची: हायली, शायली, स्मायली. मेसेजमधला हसरा चेहरा जो आपण रोज पाठवतो तोच स्मायली, त्यामुळे समजावून सांगायला नको. जानकीला लकी जवळपास चालतो, पण त्यात मागचा स्वर जुळत नाही, तेव्हा घरच्या मंडळींपुरताच ठेवा. सोनाली, वैशाली, रूपाली यांना फिनाली. टीव्हीवरचे निवेदक याला 'फिनाले' म्हणतात, इंग्रजीत मात्र शेवट 'ली' होतो. अमेरिकेतल्या चुलत बहिणीला लिहायचं असेल तर जॉली आणि ट्रॉलीही घ्या. तिच्या शाळेत ते 'जाली', 'ट्राली' असे ऐकू येतात.

अर्थ तपासा

शब्द सापडल्याच्या आनंदात ही पायरी हमखास राहते. गौरीला इंग्रजीत अगदी अचूक जुळणारा शब्द आहे डावरी. त्याचा अर्थ हुंडा. गौरी-गणपतीच्या दिवसांत, किंवा कुठल्याच दिवसांत, तो कार्डावर लिहायचा नसतो. सागरला लागर तंतोतंत जुळतो आणि लागर म्हणजे बिअरचा एक प्रकार; मित्रांच्या टी-शर्टवर ठीक, सासऱ्यांसमोर जपून. अनिलच्या यादीत किल बसलेला आहे, आणि इल, म्हणजे आजारी, हाही त्याला जुळतो. प्रत्येक शब्दाचे सगळे अर्थ एकदा कोशात बघून घ्या, बोलीतले वाईट अर्थही.

काहीच नाही जुळलं तर

काही नावं इंग्रजीला जुमानत नाहीत. प्राजक्ता, ऋतुजा, ज्ञानेश्वर, प्रल्हाद. त्यांच्यामागे दोन दिवस घालवू नका.

एक वाट म्हणजे दोन शब्द मिळून यमक करणं. मानसीला एकटा शब्द शोधत बसण्यापेक्षा 'कान्ट सी' घ्या. लपाछपी खेळणाऱ्या पुतणीच्या कार्डावर 'व्हेअर आर यू, आय कान्ट सी, कम आउट नाऊ, अवर मानसी' एवढं पुरतं. दुसरी वाट म्हणजे घरी हाक मारतात ते नाव घेणं. कागदावरच्या लांबलचक नावापेक्षा मिनी, बंटी, सोनू यांना इंग्रजी शब्द पटापट भेटतात. तिसरी, नाव ओळीच्या सुरुवातीला किंवा मधे सरकवून यमक दुसऱ्याच शब्दावर करणं. बायकोचं नाव घेणाऱ्या नवऱ्यांना हीच सोपी: 'प्राजक्ताने केला फोन, गाडी आहे लेट, रत्नागिरी स्टेशनवर तासभर केला वेट.' कोकण रेल्वेने येणाऱ्याजाणाऱ्यांना हे जास्त समजावून सांगावं लागणार नाही.

प्रत्ययाची पळवाट मात्र टाळा. इंग्रजी शब्दाला 'ला' लावला, नावालाही 'ला' लावला, म्हणजे यमक झालं असं काही जण समजतात. 'प्राजक्ताला' आणि 'बीचला' यांत जुळतो तो फक्त प्रत्यय.

नवऱ्याच्या नावापुढे तुमच्याकडे 'राव' लावत असतील तर एक लक्षात ठेवा: राव लावला की आधी शोधलेलं सगळं यमक वाया जातं, कारण शेपूट बदलतं. 'नितीनराव' म्हणायचं असेल तर सार्डीन तव्यावरच राहील. पण अवघड नावाला हाच राव तारतो. ज्ञानेश्वरला इंग्रजी शब्द नाही, ज्ञानेश्वररावांना आहे:

पडवीतून समुद्र बघून पाहुणे म्हणाले 'वाव!'
"चहा घेणार ना?" विचारतात आमचे ज्ञानेश्वरराव.